कोपऱ्यातली सूचना माझ्यापर्यंत पोचवणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

आमच्या पतसंस्थेच्या वेब-अ‍ॅपमध्ये तुम्ही सूचनांची जी सोय करून दिलीत, तिच्याबद्दल हे जाहीर आभार. फोनवर बोलले असतेच, पण सॉफ्टवेअर बनवणाऱ्या चार लोकांनीही हे वाचावं असं वाटलं.

मला दिसत नाही. ठेव विभागात मी एनव्हीडीए लावून काम करते. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन तरुणांनी ते उभं केलं. त्याच्या जोरावर कीबोर्डवर माझा हात इतरांइतकाच चालतो. घोडं अडायचं ते एकाच ठिकाणी. पिग्मी एजंटाची दिवसाची वसुली भरून ‘जतन करा’ दाबलं की उजव्या कोपऱ्यात एक पट्टी यायची आणि तीन-चार सेकंदांत निघून जायची. एनव्हीडीए त्यावर चकार शब्द काढत नसे. नोंद झाली की खाते क्रमांक चुकल्यामुळे अडकली, हे कळायला मी पुन्हा खातं उघडून शिल्लक ऐकायची, नाहीतर शेजारच्या मॅडमना हातातलं काम टाकून बघायला सांगायची. लोकांच्या घामाचे पैसे असतात ते, तिथे अंदाजाने पुढे जाता येत नाही.

तुम्ही आलात, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलात आणि आधी मॉनिटर बंद केलात. मग तुम्हीच बनवलेल्या पानावर नुसतं ऐकून नोंदी भरून पाहिल्यात. त्यानंतर विचारलंत, “ताई, तुम्हाला हे कसं सांगितलेलं चालेल?” इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

दोष काय होता तेही तुम्ही मला नीट समजावलंत. पट्टी आयत्या वेळी पानात टाकली जायची आणि ती वाचून दाखवायची आहे अशी खूण तिच्यावर कुठेच नव्हती. आता पान उघडतानाच सूचनांचा एक रिकामा कप्पा तयार असतो. त्यावर ‘लाइव्ह’ अशी खूण आहे, त्यामुळे त्यात मजकूर पडला की एनव्हीडीए बोलतं. नोंद झाल्याची सूचना चालू वाक्य संपण्याची वाट पाहते. चूक असेल तर मात्र बोलणं मध्येच तोडून सांगते. मजकुराची भाषा मराठी असल्याचं तुम्ही कोडमध्येच लिहून ठेवलंत, म्हणून ‘खाते क्रमांक सापडला नाही’ हे आता मराठी आवाजात, समजेल असं ऐकू येतं. सूचना आली तरी कर्सर माझ्या रकान्यातून हलत नाही, हे तर फारच मोलाचं.

शिवाय तुम्ही माझ्यापुरतं करून थांबला नाहीत. प्रत्येकाच्या लॉगिनला सूचनांच्या सेटिंगचं पान दिलंत. कॅशियर काका पडदा खूप मोठा करून वाचतात, तेव्हा कोपरा त्यांच्या नजरेत येतच नाही. त्यांनी सूचना वर मधोमध घेतली आणि वेळ वाढवली. शेजारच्या मॅडमनी आवाज बंद केला. चूक सांगणाऱ्या सूचना मी एस्केप दाबेपर्यंत थांबतील असं मी ठरवलं. निसटलेली सूचना यादीत पुन्हा ऐकता येते, आणि दिवसअखेरीचा मेळ घालताना ही यादी मला रोज लागते.

डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या नियमावलीत २०१८च्या २.१ आवृत्तीपासून हे लिहिलेलं आहे, की फोकस, म्हणजे कर्सर असलेली जागा, न हलवता अशी सूचना एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरपर्यंत पोचली पाहिजे. आपल्याकडे २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आहे. एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. आमच्या अ‍ॅपच्या कामाच्या यादीत मात्र यातलं अक्षरही नव्हतं. कोणी सांगितलं नसताना तुम्ही ते केलंत, म्हणून हे आभार जाहीर.

आता एक हक्काची विनंती. कर्ज विभागाच्या पानावर अजून जुनीच पट्टी आहे. पुढच्या बदलीत तो विभाग मागायचा माझा विचार आहे, तेवढं ते पानही हाती घ्या.

तुमची,
ठेव विभागातली ताई