भिंतीवरच्या बाईबद्दल

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. तब्येत ठणठणीत, नोकरी शाबूत, झोप वेळेवर. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे आईला पुढचं निवांत वाचता येईल.

रविवारी फोनवर मी लिलावात एक जुना फोटो विकत घेतल्याचं सांगितलं, तेव्हा आई तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि फोन बाबांच्या हातात दिलास. तुझं ते "बरं" मी लहानपणापासून ओळखते. मग बाबांनी विचारलं, "लिलावात? आणि फोटो?" आणि मी उगाच चिडले. चूक माझीच. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितेय.

दादाने तुम्हाला दाखवलेली बातमी खरी आहे, पण तिचा माझ्याशी काडीचा संबंध नाही. मॅन रे या फोटोग्राफरने १९२४ मध्ये काढलेला फोटो, ज्यात एका बाईच्या उघड्या पाठीवर व्हायोलिनच्या खाचा काढल्यात, तो मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कला लिलावात १ कोटी २४ लाख डॉलरला गेला. लिलावात फोटोला तोवर एवढी किंमत कधीच मिळाली नव्हती. दादाने तेवढंच वाचलं आणि तुमची झोप उडवली. मी घेतलेल्या फोटोची किंमत माझ्या एका महिन्याच्या भाड्याहून कमी आहे. आणि पाठमोरी नाही हो, समोर बघणारी, अंगभर कपड्यातली बाई आहे.

आता इथला एक प्रकार सांगते, तो समजायला मलाच तीन लिलाव लागले. लिलाव पुकारणारा माणूस उंच टेबलामागे उभा असतो. समोर पंधरा-वीस माणसं, बाजूला टेलिफोन घेऊन बसलेल्यांची रांग, बाकीचे घरी पडद्यासमोर. तो आकडा पुकारतो, मागच्या भिंतीकडे बघून मान हलवतो, वरचा आकडा सांगतो, मग छताकडे बघतो, आणखी वर जातो. मी वळून पाहिलं तर मागे चिटपाखरू नाही! मला वाटलं हा उघड उघड फसवतोय. तर नाही. विकणाऱ्याने एक किमान किंमत गुपचूप ठरवून दिलेली असते, तिच्याखाली वस्तू द्यायची नाही. त्या किमतीच्या अलीकडेपर्यंत पुकारणाऱ्याला विकणाऱ्याच्या वतीने स्वतःच बोली लावायची मुभा असते, आणि ती तो हवेतून उचलल्यासारखी लावतो. याला इथे झुंबराची बोली म्हणतात, कारण बोली लावणारं असतं ते फक्त छताचं झुंबर. शर्तींच्या कागदात बारीक अक्षरात हे सगळं छापलेलं असतं, आणि सगळे ते मान्य करून चेहरा मख्ख ठेवून बसतात. बाबा, तुम्ही असता तर उठून उभेच राहिला असता. एक मात्र खरं, सिनेमात दाखवतात तसं नाक खाजवलं म्हणून कोणी वस्तू गळ्यात घालत नाही. क्रमांकाची पाटी वर करावी लागते, आणि मी ती मांडीखाली दाबून बसते.

ठेच लागली ती दुसरीकडे. शेवटी हातोडा पडून सौदा पक्का होतो त्या आकड्यावर खरेदीदाराकडून वेगळं कमिशन घेतात, साधारण पाव हिस्सा, वर कर. पहिल्या वेळी मी ते धरलंच नव्हतं. बिल हातात आल्यावर घाम फुटला. आता आधी कागदावर बेरीज करते आणि मगच पाटी हातात घेते.

बाबा, तुमचा प्रश्न होता, खरा कशावरून? रास्त आहे. विन्स्टन चर्चिलचा तो गुरगुरणारा फोटो तुम्हाला माहीत आहे. यूसुफ कार्श यांनी ३० डिसेंबर १९४१ ला कॅनडातल्या ओटावात काढलेला. त्यांनी पुढे होऊन चर्चिलच्या तोंडातला सिगार काढून घेतला आणि दुसऱ्या क्षणाला बटण दाबलं, म्हणून तो चेहरा. त्याची कार्श यांनी सही केलेली एक प्रत ओटावातल्या एका हॉटेलात टांगलेली होती. ती कोणीतरी पळवली आणि जागी नकली प्रत लावली. महिनोन्महिने कोणाच्या लक्षात आलं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्याच एका कामगाराला चौकट वेगळी वाटली, मग सही तपासली. खरी प्रत मधल्या काळात लिलावात विकली जाऊन इटलीत पोचली होती. घेणाऱ्या बिचाऱ्याला काही कल्पना नव्हती, त्याने ती परत दिली. म्हणून मी आधी विचारते, हा फोटो आजवर कोणाकोणाकडे होता.

दुसरी परीक्षा कागदाची. लुईस हाइन हे फोटोग्राफर १९४० मध्ये वारले. त्यांनी स्वतः केलेल्या म्हणून विकलेल्या काही प्रती अतिनील दिव्याखाली चमकल्या, आणि कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून ते चमकणारं रसायन फोटोच्या कागदात घालू लागले १९५० नंतर! मेलेला माणूस प्रिंट कसा काढणार? तेव्हापासून लिलावाआधी बघायला ठेवतात त्या दिवसांत लोक खिशात छोटा दिवा घेऊन जातात. मीही घेतलाय. कोणीही जाऊन बघू शकतं, पैसे पडत नाहीत. तिथली मुलगी फोटो चौकटीबाहेर काढून देते, मी तो उजेडात तिरका धरते. गडद भागावर कडेकडेने चांदीसारखी चकाकी आली असेल तर जुन्या प्रिंटचं ते वयच म्हणायचं, पण दुमड पडून वरचा थर तडकला असेल तर पाटी खालीच.

निगेटिव्ह एकच असली तरी प्रत कोणी आणि कधी काढली यावर सगळं ठरतं. फोटोग्राफर डीॲन आर्बस १९७१ ला गेल्या. त्यांच्या निगेटिव्हवरून नंतर दुसऱ्याने रीतसर काढलेल्या प्रतीही विकल्या जातात, पण त्यांनी स्वतः काढलेली प्रत हातोड्याखाली आली की आकडा पार वेगळा. मला ते दोन्ही बघायला मिळतात, तेवढं पुरे.

आई, तुझ्यासाठी जुलिया मार्गारेट कॅमेरॉन या फोटोग्राफर बाईंची गोष्ट. जन्म कलकत्त्याचा, १८१५ चा. वयाच्या ४८ व्या वर्षी मुलीने कॅमेरा भेट दिला. बाईंनी कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला आणि कोळशाच्या खोलीत प्रिंट धुतले. मोलकरणीला मेरी माता करून बसवायच्या. फोटो अस्पष्ट म्हणून लोक नावं ठेवायचे, आणि आज तेच फोटो संग्रहालयांत आहेत. तू मागे म्हणालीस ना, आता या वयात काय शिकायचं.

आता माझी बाई. यादीत "अनोळखी स्त्री, अंदाजे १९३०" एवढंच छापलं होतं. चेहरा प्रसिद्ध नाही, फोटोग्राफर प्रसिद्ध नाही, म्हणून स्वस्त. उजेड डावीकडून आलाय, दुसरा गाल जवळजवळ सावलीत, आणि एका हाताचा अंगठा तिने मुठीत लपवलाय. फोटो काढायला बसवलं म्हणून अवघडली असेल. मागे पेन्सिलने काहीतरी लिहिलं होतं, ते कोणीतरी खोडलंय. दोनच अक्षरं लागतात. तेवढं नाव शिल्लक असतं तर मला परवडली नसती. परक्या, गेलेल्या माणसाचा फोटो घरात कशाला, असं तुला वाटतं, माहीत आहे. पण संध्याकाळी दार उघडल्यावर समोर कोणीतरी असतं, आई. रडगाणं नाही हे, मी खरंच मजेत आहे.

एक काम करा. ट्रंकेतले फोटो काढा आणि प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलने नावं लिहा, कडेला, हलक्या हाताने. पेनने नको, शाई पुढे उमटते. चिकट पानांच्या अल्बममध्ये घालू नका आणि कोणी लॅमिनेट करून देतो म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

पैशांचं. गेले दोन महिने कमी पाठवले, त्याला हा फोटो हे निम्मंच कारण. उरलेलं निम्मं म्हणजे भाडं वाढलं, ते मी सांगितलं नव्हतं. पुढच्या महिन्यापासून पूर्वीइतके येतील, दादाच्या हप्त्यासाठी वेगळे. त्याला वहिनीसमोर काही बोलू नका. आत्याने सुचवलेल्या मुलाशी मी दोनदा बोलले. बरा आहे, हसतो मोकळेपणी. हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही, आत्याला एवढंच सांगा. लग्नाला पैसे साठवायचे सोडून फोटो घेते असं त्याच्या घरी कळलं तर कळू दे. यंदा सुट्टी जमेलसं वाटत नाही. बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी नसणार, हे लिहायला मी शेवटपर्यंत थांबले.

तुमची,
धाकटी

ता. क. आजीचा तो पोस्टकार्डाएवढा फोटो, जो तुम्ही दोन वर्षं शोधताय, तो माझ्याकडे आहे. निघताना न विचारता घेतला, आणि फोनवर "सापडेल कुठेतरी" म्हणाले. त्याच्या मागे काहीच लिहिलेलं नाही. आजीच्या शेजारी परकर-पोलक्यातली मुलगी कोण आहे? बाबा, आठवत असेल तर कळवा, मी पेन्सिल काढून ठेवली आहे.