जुन्या कॅसेटींची डिजिटल प्रत आणि फाइलवर लिहिलेली माहिती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटींना बुरशी लागण्यापूर्वी त्या डिजिटल करून घ्याव्यात, असा सल्ला आपल्या पुरवणीतून वाचकांना देण्यात आला. सल्ला योग्यच आहे. परंतु डिजिटल करून घेणे म्हणजे दुकानदाराकडून नेमके काय मागून घेणे, याचा उलगडा त्यात नव्हता, म्हणून हे पत्र. लग्ने, जत्रा आणि शाळांची स्नेहसंमेलने यांचे शूटिंग व संकलन हा पंचवीसहून अधिक वर्षे माझा व्यवसाय होता आणि घरगुती व्हीएचएस कॅसेटींपासून छोट्या डिजिटल मिनी-डीव्हीपर्यंतच्या टेप माझ्या हाताखालून गेल्या आहेत. त्यामुळे जे सांगणार आहे ते ऐकीव नाही.

गेल्या वर्षी एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्या स्नेहसंमेलनाच्या कॅसेटची पेन ड्राइव्हवर आलेली प्रत मला दाखवली. टीव्हीवर चित्र पडदाभर दिसत होते, म्हणून सगळे खूश होते. मला मात्र लेझीमच्या पथकातल्या मुलांची पावलेच दिसेनात. कमरेपासून वर सारे ठीक, पण पाय चौकटीबाहेर. हातांची हालचाल मध्येच अडखळणारी. आणि फाइलची तारीख २०२३ सालची. फाइलची तांत्रिक माहिती दाखवणारे मीडियाइन्फो नावाचे एक विनामूल्य सॉफ्टवेअर आहे, त्यात ती फाइल उघडताच दुकानात काय घडले त्याचा पंचनामाच समोर आला : १९२० बाय १०८० पिक्सेल, सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे ३० स्थिर चित्रे, आणि प्रोग्रेसिव्ह, म्हणजे प्रत्येक चित्राच्या सगळ्या ओळी एकदम. आपल्याकडच्या व्हीएचएस कॅसेटवर यांतली एकही गोष्ट असू शकत नाही.

कारण आपले दूरदर्शन ६२५ ओळींचे आणि सेकंदाला २५ फ्रेमचे होते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हाचे कृष्णधवल चित्र याच मापाचे होते, आणि १९८२ मध्ये रंग आला तो पाल या प्रक्षेपण पद्धतीचा, म्हणजे माप तेच ठेवून. त्या ६२५ ओळींपैकी प्रत्यक्ष चित्राच्या ५७६. त्याही एका दमात येत नाहीत : सेकंदाच्या पन्नासाव्या भागात एकाआड एक अशा अर्ध्या ओळी रंगवल्या जातात आणि पुढच्या पन्नासाव्या भागात उरलेल्या. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात आणि या विणीला इंटरलेसिंग. विजेच्या ५० हर्ट्झशी मेळ राखण्यासाठी ही गती निवडली गेली. यातली मेख अशी, की एका फ्रेममधली दोन फील्ड एकाच क्षणाची नसतात. दोन्हींच्या मध्ये लेझीम थोडी पुढे सरकलेली असते, म्हणजेच जुन्या टेपवर हालचालीचे सेकंदाला २५ नव्हे, ५० टप्पे नोंदलेले असतात.

अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिथली एनटीएससी पद्धत ५२५ ओळींची आणि जवळपास ३० फ्रेमची. जवळपास एवढ्यासाठी, की १९५३ साली तिथे रंग आणताना आवाजाच्या लहरीत व्यत्यय येऊ नये म्हणून ही गती हजारात एका भागाने कमी करावी लागली आणि ३० चे २९.९७ झाले. त्या एका तडजोडीपायी तिथले संकलक अजून टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमचा वेळदर्शक क्रमांक, मोजताना ठरावीक मिनिटांना दोन-दोन आकडे गाळत बसतात, नाहीतर तासाभरात घड्याळ साडेतीन सेकंदांहून अधिक चुकते. आपण त्या कटकटीतून वाचलो. ज्यांनी नव्वदच्या दशकात मुलीच्या लग्नाची कॅसेट न्यू जर्सीला पाठवली आणि तिथल्या व्हीसीआरवर ती नुसतीच लोळत राहिली, त्यांना या दोन पद्धतींतला फरक वेगळा समजावून सांगायला नको. तेव्हा 'एनटीएससी करून द्या' म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये वधूपिते बरेच असत.

आता दुकानात काय होते ते पाहू. संगणकावरचे सॉफ्टवेअर पुष्कळदा अमेरिकेच्या मापाला, म्हणजे ३० फ्रेमला, लावलेले असते. २५ च्या ३० करायच्या तर दर पाच फ्रेममागे एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते, आणि तोच तो अडखळणारा हात. त्याआधी दोन फील्ड एकमेकांत मिसळली जातात, तेव्हा नाचणाऱ्या मुलाला दोनाऐवजी चार पाय फुटतात. किंवा एक फील्ड सरळ टाकून दिले जाते, तेव्हा निम्मी हालचाल आणि निम्म्या ओळी कायमच्या जातात. ही हानी एकदा फाइलमध्ये शिजली की कोणत्याही संकलकाला ती काढता येत नाही. याउलट मूळ इंटरलेस्ड फाइल जपून ठेवली तर तिच्यापासून सेकंदाला ५० फ्रेमची नितळ प्रत केव्हाही काढता येते, आणि पुढे याहून चांगली साधने आली की आणखी चांगली.

आकाराची गोष्टही अशीच. आपल्या पद्धतीची डिजिटल प्रत ७२० बाय ५७६ पिक्सेलची असते, पण हे पिक्सेल चौरस नसतात. चित्र चारास तीन या प्रमाणात दाखवायचे आहे, ही सूचना फाइलच्या मेटाडेटामध्ये, म्हणजे चित्रासोबत साठवलेल्या माहितीत, वेगळी लिहिलेली असते, आणि ती वाचून संगणक ते ७६८ बाय ५७६ एवढे रुंद करतो. सूचना नसेल तर माणसे किंचित उभट दिसतात. सोळास नऊ अशी चुकीची असेल तर नवरदेव लग्नातच सुटलेला दिसतो. केवळ सूचना चुकली असेल तर ती चित्राला हात न लावता दोन मिनिटांत दुरुस्त होते. मात्र शाळेच्या त्या कॅसेटच्या बाबतीत रुंद पडदा भरण्यासाठी चित्राची उंचीच छाटली होती. चारास तीनचे सोळास नऊ करताना उंचीचा बरोबर चौथा हिस्सा जातो. या प्रतीत तो सगळा खालून गेला होता, आणि लेझीमची पावले त्याच चौथ्या हिश्श्यात होती.

रंगाबद्दल थोडक्यात सांगतो. साध्या दूरदर्शनच्या डिजिटल चित्राचे रंग बीटी ६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाने मांडलेले असतात आणि एचडीचे बीटी ७०९ ने. कोणते मानक वापरावे हे फाइलवर लिहिलेले नसेल तर पुष्कळ प्लेअर नुसत्या आकारावरून अंदाज बांधतात. जुने चित्र मोठे करून एचडी केले आणि रंगांचे गणित मात्र जुनेच ठेवले, की कुंकवाचा लाल शेंदरीकडे झुकतो. लोक म्हणतात, टेप जुनी झाली. टेपचा त्यात काही दोष नसतो.

मला सर्वांत अधिक बोलायचे आहे ते तारखेबद्दल. एमपी-४ फाइलमध्ये निर्मितीची वेळ लिहायची एक जागा असते. कॅसेटवरून प्रत केली की तिथे दुकानातल्या संगणकाचा त्या दिवसाचा दिनांक बसतो, स्नेहसंमेलनाचा नव्हे. शिवाय ही वेळ मानकानुसार जागतिक प्रमाणवेळेत लिहायची असते, आणि ती आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तासांनी मागे आहे. फोनवर पहाटे पाचला चित्रित केलेली काकड आरती मेटाडेटामध्ये आदल्या रात्रीच्या साडेअकराची दिसते, आणि त्यावरून वाद घालणारी माणसे मी पाहिली आहेत. या फाइलींमधली कालगणना १ जानेवारी १९०४ पासूनचे सेकंद मोजते, म्हणून ती जागा रिकामी राहिली तर काही सॉफ्टवेअर फाइल १९०४ सालची असल्याचे बिनदिक्कत सांगतात. भारतातला पहिला मूकपट १९१३ चा आहे, हे त्या बिचाऱ्यांना कोण सांगणार! मिनी-डीव्ही टेपवर मात्र कॅमेऱ्याने चित्राबरोबरच दिनांक आणि वेळ नोंदलेली असते. कॅमेरा संगणकाला जोडणाऱ्या फायरवायर नावाच्या वायरीने ती टेप जशीच्या तशी डीव्ही फाइल म्हणून उतरवली तर ती नोंदही येते. त्याच फाइलची आटोपशीर एमपी-४ केली की सहसा ती गळून पडते. व्हॉट्सॲपवरून साध्या व्हिडिओसारखी पाठवलेली फाइल तर पुन्हा दाबली जाऊन नवीच होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर मूळ फाइल पोहोचते, एवढे तरी सर्वांना माहीत असावे.

हे केवळ हौशी लोकांपुरते नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात फाइलचे हॅश मूल्यही, म्हणजे फाइलमधल्या सगळ्या माहितीवरून गणिताने काढलेला तिचा ओळख-आकडाही, नमूद करायचे असते. फाइलची नुसती नक्कल केली तर हे मूल्य बदलत नाही. पण एखाद्या ॲपमध्ये उघडून पुन्हा सेव्ह केली, मग चित्र डोळ्यांना तेच दिसले तरी, मूल्य बदलते. जमिनीच्या वादात किंवा अपघाताच्या प्रकरणात फोनवरचे चित्रण उपयोगी पडेल असे ज्यांना वाटते, त्यांनी मूळ फाइलला हात न लावता ती बाजूला काढून ठेवावी.

म्हणून वाचकांना माझी विनंती अशी, की कॅसेट देताना दुकानदाराला स्पष्ट सांगावे : पाहण्यासाठी छोटी एमपी-४ द्या, पण तिच्याबरोबर ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, इंटरलेस्ड अशी, न कापलेली आणि न ताणलेली टेपवरून थेट उतरवलेली मूळ कॅप्चर फाइलही द्या. डीव्ही स्वरूपात ती तासाला सुमारे १३ जीबी होते. तीन तासांची कॅसेट ४० जीबीच्या आत बसते आणि आजच्या हार्ड डिस्कला ते काहीच नाही. दुकानदारांनी पावतीवर 'एचडी क्वालिटी' असे छापण्याऐवजी ओळी, फ्रेम आणि फील्डचा क्रम, म्हणजे दोहोंपैकी कोणते फील्ड आधी येते ते, लिहून दिला तर त्यांच्या कामाचाच मान वाढेल. व्हीएचएसचे एचडी होत नसते, फक्त मोठे होते. नाट्यसंस्था, ग्रंथालये आणि गावोगावची मंडळे यांच्याकडे तर अशा कित्येक कॅसेट कपाटात आहेत. प्रत निघाली म्हणून त्या रद्दीत देऊ नयेत. व्हीसीआर तयार करणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले आहे. चालू स्थितीतले यंत्र कोणाकडे असेल तर त्यानेही ते टाकू नये. आणि आपल्या दैनिकाच्या संकेतस्थळावर वाचकांची जुनी चित्रणे प्रसिद्ध करताना त्यांखालचे साल फाइलवरून घेतले जाऊ नये, ही संपादकांना नम्र सूचना.

त्या शाळेची कॅसेट सुदैवाने टाकलेली नव्हती. एका स्नेह्याकडच्या व्हीसीआरवर ती पुन्हा उतरवली, तेव्हा लेझीमची पावले तर आलीच, पण खालच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने पांढऱ्या आकड्यांत उमटवलेली तारीखही आली : २२ जानेवारी १९९४. कापलेल्या चौथ्या हिश्श्यात तीही गेली होती. कॅमेऱ्याचे घड्याळ तरी बरोबर लावले होते की नाही, अशी शंका मला होतीच, म्हणून शाळेच्या कार्यक्रमवहीत पाहून घेतले. तिथे तोच शनिवार निघाला. आता फाइलच्या नावातच ती तारीख लिहिली आहे, शेजारी कॅसेटच्या वेष्टणाचा फोटो ठेवला आहे, आणि कोणत्या यंत्रावर, कोणत्या मापात आणि कोणत्या दिवशी उतरवली, हे एका साध्या टिपणात मराठीत लिहून त्याच फोल्डरमध्ये ठेवले आहे.

आपला,
एक निवृत्त चित्रफीत संकलक, सातारा