ऑनर्सचं वर्ष संपलं

मेलबर्न, नोव्हेंबर

प्रिय अनू,

निकाल लागला, फर्स्ट क्लास ऑनर्स! मेसेजवर एवढंच कळवलं होतं, पण तुला सांगायचंय ते त्यात मावणारं नव्हतं.

इथे तीन वर्षांच्या पदवीनंतर ऑनर्सचं एक वर्ष वेगळं करतात. तासिका अगदी थोड्या. एक प्रश्न, एक मार्गदर्शक आणि शेवटी प्रबंध. माझा प्रश्न तुला माहीत आहे: मधुमेहाचा धोका आपल्यालाही आहे, असं इथल्या मराठी बायकांना वाटतं का? त्याची सुरुवात पुण्यातच आहे. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला फोटो आठवतो? दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. मधुमेहाचा धोका मोजणाऱ्या इथल्या ऑसड्रिस्क प्रश्नावलीतही आशियाई बायकांच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरला पोचला की धोक्याचे गुण लागतात, इतर बायकांना ८८ला. सडपातळ बाईला हे पटवणं किती अवघड, ते तू ओपीडीत रोज पाहतेस.

पण माझं वर्ष खरं घडलं ते बायकांच्या मुलाखती घेण्यासाठी लागणाऱ्या एथिक्स समितीच्या परवानगीत. सगळे म्हणायचे, नुसती कागदपत्रं असतात. समितीने मला विचारलं, ‘या बायका तुमच्याच मराठी मंडळातल्या. त्या तुम्हाला नाही म्हणू शकतील का?’ मी गप्पच झाले. आपल्याकडे ओळखीच्या मुलीला नाही कोण म्हणतं गं? मग निमंत्रणं दुसऱ्या कुणाकडून पाठवली आणि मुलाखतीनंतरही ठरावीक मुदतीपर्यंत माघार घेता येईल, असं माहितीपत्रकात ठळक लिहिलं.

आणि एका काकूंनी खरोखरच माघार घेतली. त्यांची मुलाखत सगळ्यांत मोकळी होती. फोनवर म्हणाल्या, ‘बाळा, माझं बोलणं काढून टाकशील?’ कारण विचारायचं नसतं, मी विचारलं नाही. रेकॉर्डिंग आणि ट्रान्सक्रिप्ट त्याच दिवशी पुसलं. त्या काय बोलल्या, ते तुलाही सांगणार नाही.

पुसणं सोपं होतं, ऐकलेलं विसरणं नाही. विश्लेषणाला बसले की त्यांचंच वाक्य आधी आठवायचं. म्हणून प्रत्येक परिच्छेदाशी थांबून पाहायचे, हे बाकीच्यांच्या बोलण्यावर उभं राहतंय का? एक अख्खं सूत्र तसं उभं राहिलं नाही, ते सोडून दिलं. प्रबंध त्याने थोडा रोडावला, परीक्षकांपैकी एकीने तसं लिहिलंही. मला त्याचं दुःख नाही. त्या काकूंना नाही म्हणता आलं, यासाठी ते सूत्र गेलं तरी चालेल असं मी मनापासून मानते.

आता माझ्या मार्गदर्शक बाईंचा आग्रह आहे की थेट पीएचडीला अर्ज करावा. ऑनर्सवर ती वाट इथे उघडी असते. मला संमतीवरच काम करायचंय, पण आपल्या दवाखान्यांतलं. म्हणून तुला विचारते: बाहेर रांग लागलेली असताना तू संमतीपत्रावर सही कशी घेतेस? वाचून दाखवतेस का? सोबत आलेला नवराच उत्तर देतो तेव्हा काय करतेस? सवडीने, पण सगळं लिही. अर्ज करायच्या आधी मला ते हवंय.

काका-काकूंना नमस्कार.

तुझीच,
मीनू