खुराड्यातील पिल्ले आणि कोंडलेली हवा

महोदय,

थंडीचा कडाका वाढला की खुराड्याच्या सगळ्या फटी बुजवून पडदे घट्ट बांधून टाकण्याचा सल्ला कोंबडीपालकांना सर्रास दिला जातो. पिल्ले गारठून मरू नयेत हा त्यामागचा हेतू रास्त असला, तरी तो सल्ला अर्धवट आहे आणि कोंडलेल्या हवेने दगावलेली पिल्लेही थंडीच्याच खात्यावर मांडली जातात, याची मला मनापासून खंत वाटते.

नुकत्याच जन्मलेल्या पिलाला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही; अंगावरची लव जाऊन पुरेशी पिसे येईपर्यंत, म्हणजे साधारण चार ते सहा आठवडे, त्याला बाहेरून ऊब द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान हवे आणि पुढे ते दर आठवड्याला ३ अंशांच्या आसपास उतरवत न्यावे. मात्र ही ऊब ब्रूडरभोवतीच्या, म्हणजे पिलांना ऊब देणाऱ्या दिव्याभोवतीच्या, गोल कुंपणापुरती पुरते, सबंध खुराडे तापवावे लागत नाही. (कुंपण गोलच हवे, कारण कोपरा मिळाला की पिल्ले तिथे एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात.) ऊब बेताची आहे की नाही, हे पिल्लेच सांगतात: गारठली तर दिव्याखाली दाटी करून ओरडतात, उकडले तर चोच उघडी टाकून कडेला जातात आणि वाऱ्याचा झोत येत असेल तर तो चुकवून एका बाजूला गोळा होतात. एलईडी दिवा उजेड देतो, पण पिलांना पुरेल इतकी ऊब त्याच्याकडून मिळत नाही, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही.

आता बंद खुराड्याचे पाहू. पिलांचा श्वास, विष्ठा आणि सांडलेले पाणी यांची ओल बाहेर जाऊ शकली नाही, तर खालचे तूस ओलावते आणि त्यातून अमोनिया वायू सुटू लागतो. तो जमिनीलगत, नेमका पिलांच्या चोचीच्या उंचीवर दाटतो, त्यामुळे उभ्या माणसाला त्याची तीव्रता जाणवत नाही. खाली बसून, मान वाकवून वास घ्यावा लागतो. त्याने पिलांचे डोळे चुरचुरतात, श्वासनलिकेचे आतले अस्तर दुखावते आणि श्वसनाच्या रोगांना वाट मिळते, तर ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू फोफावतात. कोळशाची शेगडी पेटवून दारे लावून घेणे तर त्याहून घातक, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो आणि तो पिलांइतकाच राखणदाराच्याही जिवावर बेतू शकतो.

म्हणून वाऱ्याचा झोत खालच्या बाजूने अडवावा, पण छपरालगतची फट रात्रीही उघडी ठेवावी आणि ओले तूस रोजच्या रोज काढून कोरडे टाकावे. थंडीच्या लाटेचा इशारा छापताना पशुपालकांसाठी दिल्या जाणाऱ्या सूचनांत आपण या वरच्या फटीचाही उल्लेख आवर्जून करावा, ही विनंती.

आपला,
एक कोंबडीपालक