विषय: वर्टआयओ ड्रायव्हर बदलताना मशिन बंद पाडल्याबद्दल आणि सपोर्टच्या उत्तरांबद्दल तक्रार

व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

दुपारी साडेतीनला तुमच्या सपोर्टचा सहावा फोन संपला आणि हे लिहायला बसलो. माझ्या तक्रारीचं तिकीट पुन्हा 'सोडवले' असा शेरा मारून बंद केलंय. जे सुटलं ते मी सोडवलं, तुमच्या माणसांनी नाही.

मी रावेर तालुक्यातल्या आठ केळी व्यापाऱ्यांसाठी काटा पावती, शेतकऱ्याचा हिशेब आणि बिल्टीचं (मालासोबत गाडीत जाणाऱ्या कागदाचं) सॉफ्टवेअर चालवतो. सगळा डेटा तुमच्याकडच्या एका लिनक्स मशिनवर (आभासी सर्व्हरवर) आहे. आमच्या जुन्या सर्व्हरची इमेज (पूर्ण प्रत) तुमच्याच लोकांनी केव्हीएमवर (आभासी मशिनं चालवणाऱ्या यंत्रणेवर) चढवली आणि चढवताना डिस्क आयडीई, नेटवर्क कार्ड ई१००० ठेवलं, म्हणजे दोन्हीकडे जुन्या हार्डवेअरची नक्कल. प्लॅनच्या पानावर मात्र वर्टआयओ (आभासी मशिनसाठीच बनवलेला, वेगवान प्रकार) लिहिलंय आणि पैसे त्याचेच घेतले. डिस्कवर लिहिण्याचा वेग सेकंदाला १९ एमबी निघाला. पाच काट्यांवरून एकदम पावत्या निघाल्या की स्क्रीन गोठायची.

हे सांगायला पहिला फोन केला. तुमचा माणूस म्हणाला, "सर, जळगाव साइडला नेट स्लो असतं." मी सांगितलं, वेग मी मशिनच्या आत मोजलाय, त्यात रावेरच्या नेटचा संबंध येतोच कुठे? त्यावर म्हणाला, "मग ड्रायव्हरची आयएसओ जोडतो, आत गेल्यावर सेटअपवर डबल क्लिक करा." ती आयएसओ, म्हणजे सीडीसारखी जोडायची फाइल, विंडोजची! माझं मशिन लिनक्स आहे, त्यात डेस्कटॉपही नाही, हे तिकिटाच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं होतं. वर्टआयओचे ड्रायव्हर २००८ च्या जानेवारीत आलेल्या २.६.२४ या आवृत्तीपासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहेत. बाहेरून काही टाकायचं नसतं, तुमच्या बाजूने डिस्क आणि कार्डाचा प्रकार बदलायचा असतो. हे मी त्याला तीनदा समजावलं. शेवटी तो म्हणाला, "सर, तुमच्याकडे कोणी आयटीवाला असेल तर त्याला फोन द्या." अठरा वर्षं मी हेच काम करतो. मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला तुम्ही असं म्हणाला असता का?

मंगळवारी रात्री अकराला, मला न विचारता, न कळवता, तुम्ही डिस्क आणि कार्ड दोन्ही वर्टआयओवर नेलं आणि मशिन रीस्टार्ट केलं. ते उठलंच नाही. कन्सोलवर ड्रॅकटच्या (मशिन उठण्याची पहिली पायरी सांभाळणाऱ्या साधनाच्या) टाइमआउटच्या ओळी एकाखाली एक पडत राहिल्या आणि शेवटी 'ड्रॅकट:/#' एवढंच उरलं. कारण साधं होतं. आमच्या अल्मालिनक्समधली इनिटरॅमएफएस, म्हणजे मशिन उठताना लागणारे ड्रायव्हर ठेवणारी छोटी फाइल, जुन्या हार्डवेअरपुरतीच बनलेली होती. तिच्यात वर्टआयओ-बीएलके हा डिस्कचा ड्रायव्हर नव्हता, मग रूट (मुख्य) डिस्क दिसणार कशी?

बाहेर तीन गाड्या भरून उभ्या. दुपारी कापलेला माल, दिल्लीला जायचा, आणि बिल्टी निघेना. एप्रिलचा उकाडा रात्रीही उतरलेला नव्हता. गाडीचा ड्रायव्हर दर थोड्या वेळाने दारात येऊन विचारायचा, "भाऊ, गाडी कव्हा निंघीन?" भरलेल्या गाडीत केळी तापते आणि वाटेतच पिकायला लागते. तुमच्या हेल्पलाइनवर तेव्हा 'सकाळी दहानंतर संपर्क करा' ही टेप वाजत होती. पानावर चोवीस तास सेवा लिहिलेली आहे.

मी कन्सोलवरून रेस्क्यूची (अडचणीसाठी ठेवलेली) नोंद निवडून मशिन उठवलं. तिच्या इनिटरॅमएफएसमध्ये सगळे ड्रायव्हर असतात. तरी ते मध्येच अडलं, कारण एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) डेटा डिस्कचं नाव एसडीबी१ लिहिलेलं होतं आणि आता ती व्हीडीबी१ झाली होती. तिथे यूयूआयडी (डिस्कचा न बदलणारा ओळख क्रमांक) हवा होता, ती चूक माझी, मान्य. मग 'ड्रॅकट -एफ --रीजनरेट-ऑल' चालवून इनिटरॅमएफएस नव्याने बनवली. तरी नेटवर्क नाही, कारण नव्या कार्डाला तुम्ही वेगळा मॅक पत्ता (कार्डाचा ओळख क्रमांक) दिला आणि आमचं आयपीचं प्रोफाइल जुन्या मॅकला बांधलेलं. पहाटे तीन चाळीसला पहिली बिल्टी निघाली. वेग आता २१० एमबी आहे, म्हणजे मी पहिल्या दिवसापासून बरोबर होतो.

बदल करण्याआधी चालू मशिनवर दोन मिनिटांत वर्टआयओचे ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्ये घालून एलएसइनिटआरडी या आदेशाने तपासता आले असते. एक फोन केला असता तर मीच केलं असतं. तुमच्या मदतीच्या पानावर फक्त 'प्रकार बदला, रीस्टार्ट करा' एवढंच आहे. ते पान आजही तसंच आहे, आणि आजच्या फोनवरही मला तेच वाचून दाखवलं!

चार वर्षं तुमच्याकडे आहे. आठही व्यापाऱ्यांना तुमचं नाव मी सुचवलं, त्याची आता लाज वाटते. मला हवंय ते असं: न कळवता बदल कोणी आणि का केला याचं लेखी उत्तर, मशिन चढवल्यापासून वर्टआयओचे म्हणून घेतलेल्या पैशांचा परतावा, आणि त्या पानावर ती सुटलेली पायरी. सात दिवसांत उत्तर आलं नाही तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. कन्सोलचे फोटो आणि सहाही कॉलच्या वेळा माझ्याकडे आहेत. आणि तोवर माझ्या मशिनला मला विचारल्याशिवाय कोणीही हात लावायचा नाही.

आपला ग्राहक,
रावेर, जि. जळगाव