सूचना : पादचारी दिन, लक्ष्मी रस्ता बंद

सर्व सभासदांस,

११ डिसेंबरला पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा आपल्याकडचा भाग वाहनांसाठी बंद असतो. महापालिका २०२१ पासून हा दिवस पाळते, तरी दरवर्षी सकाळी कोणाची तरी गाडी आत अडकतेच आणि मग फोन मला येतो. ज्यांना त्या दिवशी गाडी लागणार आहे त्यांनी ती आदल्या रात्रीच बाहेर नेऊन लावावी. बाजीराव रस्त्याला नेहमीपेक्षा जास्त गर्दी असते, हे धरूनच निघा.

मागच्या बैठकीत यावरून बराच आवाज चढला. खालच्या साडीच्या दुकानदारांचं म्हणणं, गाडीवाला गिऱ्हाईक त्या दिवशी फिरकत नाही, पिशव्या घेऊन चालणार कोण? उलट दुसऱ्या मजल्यावरच्या आजी गेल्या वर्षी काठी टेकत भर रस्त्याच्या मधून चालत गेल्या आणि परत येताना गजरा घेऊन आल्या. एरवी त्यांना समोरच्या औषधाच्या दुकानात जायलाही कोणीतरी सोबत लागतं. माझं मत विचाराल तर एक दिवस चालायला हरकत नाही. पण मालाचा टेम्पो कधी आत येणार हे दुकानदारांना आधी कळायला हवं, ही त्यांची तक्रार रास्त आहे. तसं पत्र क्षेत्रीय कार्यालयाला देतो आहोत. सह्यांचा कागद जिन्याखाली वॉचमनकडे आहे.

डायलिसिस किंवा दवाखान्याची वेळ ठरलेली असेल त्यांनी मला आधी सांगावं, म्हणजे चौकातल्या पोलिसांशी बोलून ठेवता येईल.

– सचिव