तपकीर गल्लीतल्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

दुकानात तुम्ही आभार मानू देत नाही, "सुटे पैसे द्या, तेवढं पुरे" म्हणता. म्हणून हे जाहीर पत्र.

माझ्या जुन्या पद्मिनी गाडीचे मागचे दिवे एलईडीचे आणि घरीच करायचे ठरवून मी बुधवार पेठेत फिरत होते. जिथे जाईन तिथे एकच उत्तर: "मॅडम, हा न्या, सगळ्यात ब्राइट." तुम्ही मात्र माल दाखवायच्या आधी विचारलंत, "मागच्या स्कूटरवाल्याला काय दिसायला हवंय?"

मग काउंटरवर 12 व्होल्टची बॅटरी ठेवून तुम्ही दोन लाल एलईडी लावलेत. एक 5 मिलिमीटरचा गोल, काचेसारख्या डोक्याचा. समोरून बघवेना इतका प्रखर. दुसरा चार पायांचा चौकोनी सुपरफ्लक्स, त्यामानाने शांत. "आता पायरीवर जा आणि तिरकं बघा." तिथून गोल जवळजवळ विझलेला, चौकोनी मात्र होता तसाच लाल. पाकिटावरचा प्रखरतेचा, मिलिकँडेलाचा आकडा नाकासमोरचा असतो, हे मला तिथे उभं राहून कळलं. पुण्यात मागून येणारा नाकासमोर कधी असतो म्हणा!

"काच लालच आहे, मग पांढरे का नकोत?" यावर तुम्ही काही न बोलता पांढऱ्या एलईडीवर लाल अ‍ॅक्रिलिकचा तुकडा धरलात. पांढऱ्यात निळा उजेड भरपूर, लाल बेताचा. काचेने बाकीचा अडवला आणि फिकट गुलाबी तेवढं उरलं. लाल एलईडीचा 625 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा उजेड त्याच तुकड्यातून जवळपास सगळा बाहेर आला.

हिशेबाचा तो कागद अजून आहे. गाडी चालू असताना 12 नव्हे, 14.4 व्होल्ट धरायचे. तीन एलईडी सीरिजमध्ये, म्हणजे एकामागे एक, प्रत्येकी 2.1 व्होल्ट, आणि वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या डायोडचे 0.7 वजा; उरलेल्या 7.4 ला 470 ओहमचा रेझिस्टर, म्हणजे 16 मिलिअँपिअरच्या आत. हे ब्रेकचं. पार्किंगला त्याच माळेवर 4.7 के, म्हणजे 4,700 ओहमचा रेझिस्टर, म्हणजे प्रवाह एक दशांश. दोन्ही वायरींना एकेक 1एन4007 डायोड, नाहीतर पार्किंग लावलं की ब्रेकच्या वायरीतही वीज शिरेल. शिवाय सगळे एलईडी एकाच पाकिटातले दिलेत, छटा वेगळी दिसू नये म्हणून.

जुने रिफ्लेक्टर काढू नका, बॅटरी बसली तरी तेच चमकतात, हे तुम्ही बजावलंत. दिवा रस्त्यावर आणण्याआधी आरटीओत विचारायलाही तुम्हीच पाठवलंत. असं सांगून गिऱ्हाईक थोडं लांबवणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिला नाही.

दिवे झालेत. सोसायटीच्या आवारात भर उन्हात भावाला मागे उभं केलं. पार्किंग कुठलं, ब्रेक कुठला हे त्याने न चुकता सांगितलं, बाजूच्या जिन्यावरूनसुद्धा. बल्बची तार तापायला जो क्षणभर वेळ लागायचा, तोही गेला. खोक्याला सिलिकॉन लावलंय आणि पावसाचं पाणी, दमट हवा बाहेर जायला तुम्ही म्हणालात तसं खालच्या अंगाला बारीक भोकही ठेवलंय.

आता इंडिकेटर. एलईडीच्या एवढ्याशा लोडवर इंडिकेटर लुकलुकवणारा जुना फ्लॅशर नीट चालणार नाही, हे तुम्ही आधीच सांगितलंय. तेव्हा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आणि अंबर सुपरफ्लक्स बाजूला काढून ठेवा. तेही एकाच पाकिटातले. शनिवारी येते.

तुमची,
पद्मिनीवाली